कुजण्याला आधार लागतो

एखादी वस्तू कुजते, विरते, मातीला मिळते, ती स्वतःच्या स्वभावाने की भोवती जमून आलेल्या कारणांनी? प्रश्न जुना आहे. बौद्ध आचार्यांनी त्यावर शतकानुशतकं वाद घातला आहे. माझ्यापुढे तो उभा राहिला भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत. मी जैवविघटनशील प्लास्टिकच्या कंपाउंडिंगचं काम करते. दोन-तीन प्रकारचे पॉलिमर, थोडं फिलर, चिमूटभर रसायन असं सगळं वितळवून एकत्र मळायचं आणि पिशवीवाल्याला, कपवाल्याला हवा तसा दाणा करून द्यायचा, हे माझं रोजचं काम. आमचं घर नागपूरचं. आजी-आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली, त्यामुळे सगळं अनित्य आहे हे वाक्य माझ्या कानांवर पाळण्यापासून आहे.

त्या वाक्याचा सोपा अर्थ बहुतेकांच्या मनात असतो तो असा, की सगळं आपोआप संपतं. माझ्या कामात हा अर्थ टिकत नाही. नाल्यात अडकलेली पॉलिथिनची पिशवीही अनित्यच, पण तिच्या अनित्यतेचा तुंबलेल्या नाल्याला काही उपयोग नाही. आणि ज्या मालावर मोठ्या हिरव्या अक्षरांत ‘जैवविघटनशील’ छापलेलं असतं, तो कोरड्या कपाटात ठेवला तर वर्षानुवर्षं आपली जागा सोडत नाही. लोक विचारतात, “ताई, हे मातीत विरघळतं ना?” त्यांना हो किंवा नाही असं उत्तर हवं असतं. ते मला का देता येत नाही, हे नीट मांडावं म्हणून लिहायला बसले आहे.

या धंद्यातला मुख्य माल म्हणजे पीएलए, पॉलिलॅक्टिक ॲसिड. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून जंतूंकडून लॅक्टिक आम्ल करून घ्यायचं, दह्यात असतं तेच, आणि त्याचे रेणू जोडून लांब साखळ्या करायच्या. अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअर गावी २००२ पासून हे मोठ्या प्रमाणावर चालू आहे. आपल्याकडे जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला, उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनी मिल्स वर्षाला ८०,००० टनांचा कारखाना उभारत आहे. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राला हा विषय फार दिवस परका राहणार नाही.

पीएलए दिसायला देखणा, लख्ख पारदर्शक, कडक. पण ठिसूळ. चाचणीसाठी आम्ही त्याच्या डंबेलच्या आकाराच्या पट्ट्या काढतो आणि यंत्राच्या दोन जबड्यांत धरून ताणतो. मूळ लांबीच्या पाच-सहा टक्के वाढण्याच्या आतच पट्टी कट्कन तुटते. उष्णतेलाही तो हळवा. साधारण ५५ ते ६० अंश सेल्सियसला मऊ पडतो, म्हणून साध्या पीएलएच्या कपात टपरीवरचा उकळता चहा ओतला की कप बोटांतच मुडपतो. एकट्या पीएलएची भाजीची पिशवी होऊ शकत नाही. घडी घातली तरी चिरेल.

म्हणून त्यात पीबीएटी मिसळायचा. हा जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने १९९८ मध्ये बाजारात आणला. मऊ, लवचिक, मूळ लांबीच्या पाच-सहा पट ताणला तरी तुटत नाही. योग्य खतात तो चांगला कुजतो. पण त्याचा कच्चा माल बहुतांशी खनिज तेलातून येतो, आणि हे ऐकलं की ग्राहकाचा चेहरा उतरतो. “म्हणजे हे पेट्रोलचंच की!” असं म्हणून तो दुसरा नमुना मागतो. त्याच वेळी ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथिन बनतं. कच्चा माल शंभर टक्के शेतातला, आणि तरी ते कुजत नाही, कारण साखळीतले बंध पेट्रोलच्या पॉलिथिनमध्ये असतात तेच असतात.

या जागी मी दरवेळी थोडी थांबते. वसलसुत्तात बुद्धांनी माणसाची योग्यता जन्मावरून ठरवायला साफ नकार दिला. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण या सुत्ताचा आशय ती चुलीपुढे बसून सांगायची. तेव्हा एखाद्या पॉलिमरची लायकी त्याच्या उगमावरून ठरवताना मी कुणाला पाहिलं की मला ते साधं अज्ञान वाटत नाही. ती आपल्या समाजाची मुरलेली सवय वाटते. कुठून आला ते आधी विचारायचं, काय आहे आणि कसा वागतो ते नंतर. रसायनशास्त्र या सवयीला जरासुद्धा भीक घालत नाही. जंतूला उसाचा आणि तेलाचा फरक कळत नाही. त्याला कापता येईल असा बंध हवा.

आता हे दोन पॉलिमर एकत्र आणले, तर ते मिसळत नाहीत. दोन्ही पॉलिएस्टर, दोन्ही एकाच भट्टीत १८० ते १९० अंशांना वितळलेले, तरी मिसळत नाहीत. याचं कारण पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स या दोघांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला गणिताने दाखवलं. सुटे मणी दोन रंगांचे असले तरी हलवले की एकमेकांत पसरतात, कारण पसरण्याच्या लाखो तऱ्हा त्यांना मोकळ्या असतात. तेच मणी लांबलचक माळांत ओवले की ती मोकळीक जाते. प्रत्येक मणी शेजारच्याशी बांधलेला. मिसळून मिळणारा फायदा इतका लहान होतो की दोन साखळ्यांमध्ये नावापुरती नावड असली तरी ती पुरते, आणि दोन पॉलिमर वेगळे राहतात.

हे वेगळेपण डोळ्यांनी बघता येतं. मिश्रणाची पट्टी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायची, पुरती गोठली की चिमट्याने मोडायची, तुटलेल्या तोंडावर सोन्याचा अगदी पातळ थर चढवायचा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. पीएलएच्या सपाट रानात पीबीएटीचे गोळे दिसतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, काही त्याहून मोठे. प्रत्येक गोळा आपल्या खळग्यात बसलेला, आणि भोवती काळी बारीक फट. काही खळगे रिकामे, आतून गुळगुळीत. त्यांतला गोळा पट्टीच्या दुसऱ्या तुकड्याबरोबर निघून गेलेला. गोळ्याच्या अंगावर ओढल्याचा एकही ओरखडा नाही. जोर आला तेव्हा पीएलएने पीबीएटीला धरलं नाही, पीबीएटीनेही पीएलएला. चीर फटीफटीतून निघून गेली.

इथे कंपॅटिबिलायझर लागतो. आम्ही बहुतेक वेळा इपॉक्सी गट असलेलं एक रसायन वापरतो. शंभर किलोला एक किलोही लागत नाही. वितळवून मळणाऱ्या यंत्रात, एक्स्ट्रूडरमध्ये, माल मिनिट-दोन मिनिटंच असतो. तेवढ्या वेळात या रसायनाचा एक हात पीएलएच्या साखळीचं टोक पकडतो, दुसरा पीबीएटीच्या. जिथे दोघांच्या सीमा भिडतात तिथे अर्धी पीएलए, अर्धी पीबीएटी अशी साखळी तयार होते. गोळे लहान होतात, कारण एकमेकांत मिळून मोठं होण्याची त्यांची ओढ कमी झालेली असते. अशी पट्टी मोडून पाहिली तर गोळ्याची कड कुठे संपते ते सांगता येत नाही. फटीच्या जागी ताणलेले तंतू दिसतात. आणि यंत्रात ताणली तर ती आधी मध्ये पांढुरकी पडते, मग बारीक होत होत लांबते. जी पाच टक्क्यांत तुटत होती, ती दुप्पट लांब होऊनही सहज टिकते.

महत्त्वाचं असं की दोघं एकरूप झालेले नसतात. पीएलए पीएलएच राहतो, पीबीएटी पीबीएटीच. तापमान वाढवत गेलं की दोघं आपापल्या वेगळ्या अंशांवर मऊ पडताना यंत्रावर स्पष्ट दिसतात. बदलली ती फक्त सीमा, काही नॅनोमीटर जाडीची. चिवटपणा आला तो तिथून. मग हा चिवटपणा कुणाचा? पीएलएचा म्हणाल तर एकटा पीएलए ठिसूळ आहे. पीबीएटीचा म्हणाल तर तो एकटा इतका मऊ की त्याला आकार धरवत नाही. कंपॅटिबिलायझरचा म्हणाल तर ते बाटलीतलं निव्वळ एक रसायन. तिघांना वेगवेगळं करून ठेवलं तर चिवटपणा कुठेच सापडत नाही. ते एकत्र आले, ठरावीक उष्णतेत, ठरावीक जोराने मळले गेले, तेव्हा तो झाला.

दुसऱ्या शतकातल्या नागार्जुनाने ‘मूलमध्यमककारिका’मध्ये नेमका याच प्रश्नाला हात घातला. रसायनविद्येशी ज्याचं नाव जोडलं जातं तो नागार्जुन निराळा आणि नंतरचा, असं बहुतेक अभ्यासक मानतात; मी बोलते आहे ती माध्यमिक दर्शनाच्या आचार्याबद्दल. तिबेटी परंपरा त्याचा जन्म विदर्भातला सांगते, म्हणून आमच्या भागात त्याच्याविषयी आपलेपणा आहे. स्वभावाची त्याने जी कसोटी लावली ती फार कडक आहे. जो कुणी घडवलेला नाही आणि ज्याला दुसऱ्या कशाचा आधार लागत नाही, त्यालाच स्वभाव म्हणायचं. या कसोटीवर जगातली कुठलीही गोष्ट उतरत नाही. सगळ्या गोष्टी कारणांवर, एकमेकांवर टेकून उभ्या. यावर प्रतिपक्षी विचारतो, की वस्तूंना स्वभावच नसेल तर उत्पत्ती कसली आणि नाश कसला? ग्रंथाच्या २४व्या प्रकरणात नागार्जुन हा आक्षेप उलटवतो. स्वभाव असता तर वस्तू जन्मलीही नसती आणि संपलीही नसती, कारण स्वयंपूर्ण गोष्टीला बाहेरचं काही हात लावू शकत नाही. बदलाला जागा आहे ती स्वभाव नाही म्हणूनच.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अनित्यतेची फोड करताना संयुक्त वस्तूंचा वेगळा विचार केला आणि त्यासाठी आचार्य असंगाचा आधार घेतला. वस्तू कारणांच्या संयोगाने होते, संयोग सुटला की जाते. मला हे वाचताना नेहमी वाटतं की आपण याचा पहिला अर्धा भाग, होण्याचा, नीट ऐकतो आणि दुसरा ऐकून सोडून देतो. वस्तू व्हायला कारणं जुळवावी लागतात हे कारखान्यातल्या कुणालाही मान्य आहे. त्यासाठी आम्ही पगार घेतो. वस्तू जायलाही कारणं जुळवावी लागतात, हे मान्य करायला फार कमी लोक तयार असतात.

पीएलएचंच बघा. त्याच्या साखळीतला प्रत्येक सांधा पाण्याने तुटू शकतो. पण साधारण तापमानाला साखळ्या जखडलेल्या असतात, पाणी आत फार सावकाश शिरतं. तापमान ५८ अंशांच्या आसपास गेलं आणि भरपूर ओल असली की साखळ्या ढिल्या होतात, पाणी सांधे तोडत सुटतं, आणि तुकडे पुरेसे आखूड झाले की जंतू त्यांचा ताबा घेतात. मोठ्या खत प्रकल्पाच्या ढिगात ही उष्णता आपसूक तयार होते. घराच्या गच्चीवरच्या कुंडीत होत नाही. समुद्रात तर नाहीच. ज्या प्रमाणपत्राच्या जोरावर आमचा माल विकला जातो, त्या आयएस/आयएसओ १७०८८ मानकाची अट आहे की खताच्या परिस्थितीत १८० दिवसांत मालातल्या ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा. खताच्या परिस्थितीत, हे शब्द अटीचा प्राण आहेत, आणि पिशवीवर सर्वांत बारीक अक्षरांत छापले जातात ते हेच.

इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या पिशव्या त्यांनी तीन वर्षं हवेत, मातीत आणि समुद्रात ठेवल्या होत्या. खत होणारी म्हणून विकलेली पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली. तीच पिशवी मातीत दोन वर्षांहून अधिक काळ दिसत राहिली, फक्त वजन पेलेनाशी झाली. आणि ‘जैवविघटनशील’ म्हणून विकलेली दुसरी एक पिशवी तीन वर्षांनी मातीतून आणि समुद्रातून काढली, तर तिच्यात बाजार भरून आणता येत होता. शब्द तोच, पिशवी वेगळी. पिशवी तीच, जागा वेगळी. यात कुजण्याचा स्वभाव कुठे शोधायचा?

पाण्याचीही तीच गोष्ट. पीएलएचा दाणा एक्स्ट्रूडरमध्ये टाकण्याआधी ड्रायरमध्ये तासन्‌तास वाळवावा लागतो; ओल दहा लाखांत २५० भागांच्या खाली आली नाही तर वितळलेल्या मालातच पाणी साखळ्या तोडतं आणि डायमधून पातळ, निकामी धार बाहेर पडते. पावसाळ्यात हॉपरचं झाकण उघडं राहिलं तर मी आवाज चढवते. आणि तेच पाणी खताच्या ढिगात नसेल तर ढीग ओला करा म्हणून मीच सांगते. पाण्याला वैरी म्हणावं की सोबती, ते पाण्याकडे बघून ठरत नाही.

एवढं सगळं एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी एकदा सांगितलं. ते शांकर वेदान्ताचे मनापासूनचे अभ्यासक. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ते म्हणाले, “ताई, मग पॉलिथिन टाका ना त्याच ढिगात. तीच उष्णता, तीच ओल, तेच जंतू. ते का नाही कुजत? म्हणजे पीएलएमध्ये काहीतरी स्वतःचं आहेच की!”

आक्षेप वजनदार आहे आणि मी तो टाळत नाही. पीएलएमध्ये एस्टर बंध आहे, पॉलिथिनमध्ये नाही. हा फरक ढिगाने आणलेला नाही. पण त्या एस्टर बंधाला ‘स्वतःचं’ म्हणताना अडखळायला होतं. तो आम्लाच्या रेणूंनी पाणी सोडून जोडला गेलेला. पाणी परत मिळालं की सुटणारा. म्हणजे तो बंधही पाण्याच्या जाण्या-येण्यावर टेकलेला. आणि पाण्याच्या बाटलीचं पेट प्लास्टिक घ्या, तेही एस्टरच, तरी खतात ढिम्म राहतं, कारण त्याच्या साखळीची कडक बांधणी जंतूंना दाद देत नाही. मग २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी साकाई शहरातल्या बाटल्यांच्या कचऱ्याजवळ असा एक जंतू शोधला जो पेटवर जगतो. काल न कुजणारं आज, सावकाश का होईना, कुणाचं तरी अन्न झालं. सरांना हे पूर्ण पटलं नाही. या सगळ्या बदलांच्या खाली न बदलणारं असं एक अधिष्ठान असलंच पाहिजे, यावर ते ठाम आहेत. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. पण माझ्या कामात त्या अधिष्ठानापर्यंत मला कधी पोचता आलं नाही. जिथे हात घातला तिथे आणखी एक आधार लागला.

आणि तरी नागार्जुन व्यवहार सोडायला सांगत नाही. व्यवहाराचं सत्य आणि परमार्थाचं सत्य अशी दोन सत्यं त्याने मानली, आणि व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ सांगता येत नाही असं म्हटलं. व्यवहारात पीएलए आणि पॉलिथिन यांना एका तागडीत घालणं खोटेपणा होईल. व्यवहारातलं खरं बोलणं एवढंच, की गुण सांगताना त्याच्या अटी सोबत सांगायच्या.

माझ्या कामातला सर्वांत अवघड निर्णय इथेच येतो. कंपॅटिबिलायझर वाढवला की एका मर्यादेपर्यंत माल अधिक चिवट होतो. ग्राहक खूश. पण तेच रसायन साखळ्यांची मोकळी आम्लटोकं बांधून टाकतं, आणि पाण्याने सांधे तुटण्याला वेग देतात ती हीच टोकं. ती बांधली की कुजणं मंदावतं. आणखी वाढवलं तर साखळ्या एकमेकींत गुंतून जाळं होतं. फिल्मवर फिशआय उठतात, नखाला लागणारे बारीक कडक ठिपके, आणि मशीनवर फुगवलेला फिल्मचा बबल त्या ठिपक्यापाशी फाटतो. म्हणजे धरून ठेवण्याला एक माप आहे. कमी धरलं तर पिशवी दुकानातून घरापर्यंत पोचत नाही, जास्त धरलं तर ती ढिगातून सुटत नाही.

प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्यांत उपादान ही एक कडी आहे, धरून ठेवण्याची. ती माणसाच्या तृष्णेबद्दल आहे, प्लास्टिकच्या साखळीबद्दल नाही, आणि या दोहोंत मी नातं लावत नाही. पण मात्रा ठरवणाऱ्या माणसाच्या तृष्णेबद्दल ती नक्कीच आहे. थोडा आणखी चिवटपणा, थोडं आणखी आयुष्य, कपाटात ठेवली तर दोन वर्षांनीही चालणारी पिशवी, हे मागणारा ग्राहक असतो आणि देणारी मी असते. वीस मिनिटांसाठी वापरायच्या वस्तूला किती आयुष्य द्यायचं, हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण तो ठरवताना लोभ खुर्ची ओढून शेजारी बसलेला असतो. शस्त्रक्रियेतल्या विरघळणाऱ्या टाक्यांकडे बघा. १९७०च्या दशकापासून वापरात असलेला, ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लांच्या साखळीचा हा धागा पीएलएचा जवळचा नातेवाईक. जखम भरेपर्यंत धरतो, मग दोन-सव्वादोन महिन्यांत शरीरात विरून जातो. तिथे कुणी म्हणत नाही की टाका आणखी टिकायला हवा होता. जखमेची गरज माप ठरवते. पिशवीचं माप मात्र आपण सोयीवर सोडलं आहे.

नाशाला कारणं लागतात, हे मान्य केलं की जबाबदारी एकट्या दाण्यावर राहत नाही. दाणा बनवणारी मी, पिशवी फुगवणारा कारखानदार, विकणारा दुकानदार, घेणारी गृहिणी, कचरा वेगळा करणारी सफाई कामगार बाई आणि खताचा ढीग राखणारी नगरपालिका, हे सगळे मिळून त्या नाशाची कारणं आहेत. यातली एक कडी निखळली की माल कितीही उत्तम असो, तो नाल्यात पॉलिथिनचं काम करतो. बौद्ध घरात वाढल्यामुळे कर्माचा अर्थ मी असा समजते: आपण कुठल्या कारणात आपला हात घालतो, याचा हिशेब.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या अनेक वस्तू बंद केल्या. त्यानंतर खत होणाऱ्या प्लास्टिकची मागणी वाढली आणि त्याबरोबर हिरव्या अक्षरांचा सुळसुळाटही वाढला. साध्या पॉलिथिनमध्ये धातूचे क्षार घालून फक्त त्याचा चुरा करणारा मालही हेच नाव लावून फिरतो. युरोपीय संघाने तो २०२१ पासून बंद केला. चुरा होणं म्हणजे कुजणं नव्हे. डोळ्यांना दिसेनासं झालं आणि संपलं, यात जो फरक करत नाही त्याने अनित्यतेचं नाव घेऊ नये.

तेव्हा विहार समित्यांना, मंडळांना, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर भोजनदान करणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींना एक विनंती. खत होणाऱ्या ताटल्या आणि कप घेण्याआधी विक्रेत्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा. त्याच्याही आधी एक काम करा. या ताटल्या वेगळ्या गोळा कोण करणार, त्या कुठल्या खत प्रकल्पात जाणार, आणि तो प्रकल्प त्या घेतो का, हे विचारून घ्या. उत्तर मिळालं तर जरूर घ्या, माझ्या कामाचं चीज होईल. उत्तर नसेल तर घेऊ नका. स्टीलची ताटं आणा, आणि धुवायला चार जास्त माणसं लावा.